राजमाची मुक्काम : उंदरांबाबत सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार. शनिवारी राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडी गावात तंबू टाकतोय. भातकापणी उरकलीय, त्यामुळे खाचरातले उंदीर आता खाण्याच्या शोधात आपल्याकडेच येणार.

गेल्या खेपेला माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात चिक्कीचं एक पाकीट राहिलं. सकाळी पाहतो तर कप्प्याला रुपयाएवढं गोल भोक, आत शेंगदाण्याचा चुरा आणि काळ्या लेंड्या! चेन लावलेली होती, पण तिच्या वाट्याला कोण जातं, कापडच कुरतडलं. म्हणून तंबूत खाऊ अजिबात नको, गोळ्या-बिस्किटंसुद्धा नकोत. सगळ्यांचा शिधा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत एकत्र राहील. प्लास्टिकचे डबे आणू नका, उंदीर ते कुरतडतात. खरकटी भांडी रात्रीच घासायची. (होय, थंडीतही.)

उंदरामागोमाग घोणस, नाग येतात. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. बूट तंबूत घ्या आणि सकाळी झटकूनच घाला.

उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, पाणी उकळूनच प्या. परतल्यावर महिनाभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना मुक्कामाचं आवर्जून सांगा. लेंड्या दिसल्या तर झाडू नका, साबणाच्या पाण्यानं भिजवून कागदानं उचला.

उंदीर मारायचं औषध कोणीही आणू नये. औषधानं मेलेला उंदीर घुबड किंवा गावातलं मांजर खातं आणि तेही मरू शकतं.

डबे कोण आणणार ते गुरुवारपर्यंत कळवा.