‘आता तुम्हीही बघून घ्या’ म्हणणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवरून निघताना आपले आभार मानायचे राहून गेले. तेव्हा बोलायला गेले असते, तर आवाज कापरा झाला असता, म्हणून आज लिहून कळवते आहे.

याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी शिकायला गेले होते. तिथल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी पिस्तूल माझ्या हातात दिले आणि ‘रिकामेच आहे, घाबरता काय’ असे म्हणत माझा फोटो काढला. रिकामे आहे हे ओळखायचे कसे, असे विचारण्यासाठी मी त्यांच्याकडे वळले, आणि माझ्याबरोबर पिस्तुलाची नळीही वळली. त्यानंतर सर्वांदेखत जो ओरडा बसला, त्याने पुढे कित्येक महिने मी रेंजचे नाव काढले नाही. चूक माझीच होती, हे मी नाकारत नाही. परंतु प्रश्न पडला तर नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवून आधी पिस्तूल टेबलावर ठेवायचे आणि मगच वळायचे, हे मला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. फोटो मात्र छान आला होता.

आपण ते सांगितलेत, तेही मी पिस्तुलाला हात लावण्यापूर्वी. एअर पिस्तुलाचा चाप अवघ्या ५०० ग्रॅमच्या दाबाने सुटू शकतो, म्हणून नेम धरेपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेरच हवे, हेही सांगितलेत. पण माझ्या मनात घर करून राहिली आहे ती त्यानंतरची गोष्ट. आपण स्वतःचे पिस्तूल पेटीतून काढलेत, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यातून आरपार ओवलेली नारिंगी सुरक्षा-दोरी दाखवलीत, छर्रा बसवण्याची जागा उघडून नीट पाहिलीत, पिस्तूल तसेच उघडे टेबलावर ठेवलेत आणि एक पाऊल मागे सरून म्हणालात, ‘आता तुम्हीही बघून घ्या.’

स्वतःच्या हाताखालचे, मिनिटभरापूर्वी स्वतः तपासलेले ते हत्यार. त्यात माझ्यासारख्या नवशिकीच्या खात्रीची आपल्याला काय गरज होती? तरीही मी वाकून पाहत होते तेवढा वेळ आपण घाई केली नाहीत की हसला नाहीत. जो प्रश्न विचारायला वळताना मला ओरडा बसला होता, तो विचारणे हा माझा हक्कच आहे, असे आपण एका शब्दानेही न समजावता मला समजले. सरावानंतर मी पिस्तूल परत ठेवले, तेव्हा आपण ते पुन्हा तपासलेत, आणि मला त्यात जराही अविश्वास जाणवला नाही.

शेजारच्या लेनमधील मुलाने हात खाली घेईपर्यंत आपण मला काही सांगायचेही थांबत होतात, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. ज्यांना दुसऱ्याची एकाग्रता मोडवत नाही, ती माणसे बहुधा दुसऱ्याची भीतीही अशीच जपतात.

माझे छर्रे कागदाच्या कडा शोधत होते, ११.५ मिलिमीटरचे ते दहा गुणांचे मधले वर्तुळ अजून फार दूर आहे. छर्रे शिशाचे असतात म्हणून हात धुऊनच जेवणाचा डबा उघडा, ही आपली सूचना तेवढी पहिल्याच दिवशी तंतोतंत पाळली.

येत्या रविवारी येते आहे. सराव संपला की दोरी ओवून, पिस्तूल उघडे ठेवून एक पाऊल मागे होईन आणि आपल्याला म्हणेन, ‘सर, आता तुम्हीही बघून घ्या.’

आपली कृतज्ञ,
एक शिकाऊ नेमबाज