काकांचा ग्राफ आणि चारमँडर

सोलापूर,
१६ जानेवारी

प्रिय श्रीन्या,

काय बे, परवा फोनवर विचारलंस, पोरासाठी 'लेट्स गो पिकाचू' ही निन्टेंडो स्विचवरची पोकेमॉन गेम घेऊ का, आणि मी नुसतं 'घे की' म्हणून फोन ठेवला. रागावू नको. गड्ड्याच्या जत्रेत उभा होतो, मागे मौत का कुआँ चालू होता, तुझं अर्धं बोलणं मोटारसायकलने खाल्लं. आता निवांत लिहितो.

तीच गेम, आपल्या जुन्या पोकेमॉनचा रिमेक, माझ्या पुतण्याकडे आहे. रविवारी त्याच्याशेजारी दोन तास बसलो. गवतात पोकेमॉन उघडे हिंडताना दिसतात, अचानक कुणी अंगावर येत नाही. रानातल्या बहुतेकांशी लढायचंही नाही. हात झटकून बॉल फेकायचा, पकडला तर पकडला. ब्रॉक म्हणजे पहिल्या जिमचा म्होरक्या, त्याचे पोकेमॉन दगडी, आगीला दाद न देणारे. त्याच्या जिमच्या दारात तर एक माणूसच उभा केलाय. गवताचा किंवा पाण्याचा पोकेमॉन दाखव, मगच आत. मी तोंड वाकडं केलं आणि सुरू झालो, "आम्ही आगीचा चारमँडर घेऊन गेलो होतो ब्रॉकवर, कुणी अडवलं नव्हतं." पोरगं म्हणालं, "मग हरलात का?" म्हटलं, नाही, जिंकलो. त्या तोऱ्यात दोन दिवस गेले.

मग ऑफिसातल्या एकाने त्याचा जुना गेम बॉय आणला, त्यात १९९६ ची मूळ गेम, म्हणजे तिची इंग्रजी 'रेड'. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडी थोडी खेळलो आणि माझी हवाच गेली. आपण सायबर कॅफेत खेळलो ती 'फायररेड' २००४ ची. ती स्वतःच रिमेक होती, बे! आपण जिला अस्सल, जुनी, खरी म्हणत आलो, ती आठ वर्षांनी घासूनपुसून काढलेली होती. आणि ब्रॉकचं ऐक. फायररेडमध्ये चारमँडर तेराव्या लेव्हलला मेटल क्लॉ शिकतो, म्हणजे दगडाला भारी पडणारा स्टीलचा पंजा, त्याच्या जोरावर आपण ब्रॉकचा तो दगडी साप पाडला. मूळ गेममध्ये चारमँडरला मेटल क्लॉ नाहीच. स्टील नावाचा प्रकारच तेव्हा नव्हता, तो १९९९ च्या गोल्ड-सिल्वरमध्ये आला. म्हणजे आपल्यालाही कुणीतरी दारात हात धरून आत सोडलं होतं, फक्त तो माणूस दिसत नव्हता.

मूळ गेम प्रेमाने खेळावी अशी आहे, सुखाने नाही. पिशवीत फक्त २० प्रकारच्या वस्तू मावतात. पोकेमॉनचा बॉक्स भरला की कॉम्प्युटरवर जाऊन हाताने बदलायचा, नाहीतर पुढचा पकडताच येत नाही. पळायचे बूट नाहीत, सगळीकडे कूर्मगती. आपला पोकेमॉन पाठीमागून दिसतो ते चित्र मुळात छोटं, तेच दुप्पट ताणून लावलेलं, म्हणून चौकटी अशा ढोबळ, की पाठ आहे का फरशी, कळत नाही. करड्या-हिरव्याच्या चार छटा, बस. मला वाटलं होतं डोळे पाणावतील. डोळे दुखले.

आणि आपण तरी कुठे साधे होतो? स्पेसबार दाबून धरायचा की एमुलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर ती गेम चालवणारं सॉफ्टवेअर, भरधाव सुटायचा, आठवतंय? तू लढाया स्पेसबारवर खेळायचास आणि जिम आली की बोट काढायचास. तासाला १५ रुपये जात होते, दुसरं काय करणार. म्हणजे रिमेकचाही रिमेक आपणच केला. आज काही नव्या गेम्समध्ये लढाईचा वेग वाढवायची सोय देतात तर जुने लोक नाक मुरडतात. मी मुरडणार नाही, माझा अंगठा त्या पापात आहे.

एक मात्र अजून खुपतं. सुरुवातीला इंग्रजीत येणारी ती पाटी, "१एम सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही." आपल्याला वाटलं सायबरचा कॉम्प्युटर बिघडलाय. चार दिवस सेव्ह न होता खेळलो, रोज पॅलेट टाउनपासून, म्हणजे पहिल्या गावापासून! शेवटी त्या कॉलेजच्या पोराने मेनूत सेव्ह टाइप 'फ्लॅश १२८के' करून दिला. मग कुठे गाडी रुळावर आली, तर सहाव्या जिमच्या बॅजला मालकाने कॉम्प्युटर फॉरमॅट मारला. तू तेव्हा त्यांना तेलुगूत जे बोललास त्याचा अर्थ मी आजपर्यंत विचारला नाही.

रिमेकमध्ये माझं मत विचारशील तर २००९ ची 'हार्टगोल्ड', म्हणजे गोल्डचा रिमेक, सगळ्यांत वर. चौकटींचा नकाशा ठेवला, चित्रं बोटानं मोजावीत अशी ठेवली, आणि बाकी सगळं सैल केलं: मेनू खालच्या पडद्यावर बोटाने, पोकेमॉन मागे मागे चालतो. त्याउलट २०२१ ची 'ब्रिलियंट डायमंड', म्हणजे 'डायमंड'चा रिमेक. नकाशा जवळपास जुनाच, त्यावर मोठ्या डोक्याच्या गुळगुळीत बाहुल्या. २००८ च्या 'प्लॅटिनम'ने, म्हणजे डायमंडच्याच वाढीव आवृत्तीने, कथेत जी भर घातली होती, ती बरीचशी वगळली. अनुभवाचे गुण सगळ्यांत वाटले जातात, ते बंद करायची सोयच नाही. वाईट नाही, पण कुणीतरी जुन्या चादरीवर प्लॅस्टिक अंथरल्यासारखी.

चादरीवरून आठवलं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला तुझ्याकडे गेलो होतो. काकांनी तुला सांगितलं नसेल. आपण पेंटमध्ये मोठा करून एकेक चौकट मोजून चारमँडर उतरवला होता ना, चादरीची नक्षी विणायच्या त्यांच्या जकार्डच्या ग्राफवर, आणि ग्राफ वाया घालवला म्हणून त्यांनी आपल्याला झापलं होतं? तो कागद त्यांच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे, मोराच्या डिझाइनखाली. म्हणाले, "तेव्हाच मोजलं होतं मी. चौसष्टच्या आत बसतंय, विणता आलं असतं. पण रंग किती! तेवढ्या कांड्या कोण भरणार?"

मग मोर दाखवला. कॉम्प्युटर जकार्ड आलं तेव्हा तो जुना मोर नव्याने काढायला त्यांनाच दिला होता. तारा जास्त, म्हणून मान गोल काढता येत होती. काढली, तर व्यापारी म्हणाला हा आपला मोर नाही. शेवटी पिसारा गोल केला आणि मानेच्या पायऱ्या तशाच ठेवल्या. "मान बघूनच गिऱ्हाईक ओळखतंय." श्रीन्या, हार्टगोल्ड मला का आवडते हे मला त्या पेटीपाशी बसून कळलं.

मी मोबाइलवर त्यांना लेट्स गोमधला चारमँडर दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "छान आहे. पण ह्याला कोपराच नाही. मोजायला कुठून सुरू करायचं?"

तर, घे. सात वर्षांच्या पोराला अडखळत ठेवण्यात काही पुण्य नाही, आणि तो जे खेळेल तेच त्याचं अस्सल. फक्त स्वस्त पडतो म्हणून स्विच लाइट आणू नको. तो टीव्हीला लागत नाही आणि त्याचे जॉय-कॉन, म्हणजे बाजूचे कंट्रोलर, सुटे होत नाहीत. साधा स्विच आण. लेट्स गोमध्ये दुसरा जॉय-कॉन हलवला की दुसरा खेळाडू मध्येच आत येतो. बायकोला विचारून रात्री नऊनंतर हलवत जा.

शेंगा चटणीचा अर्धा किलो तुझ्या मेव्हण्याबरोबर पाठवलाय, त्याने वाटेत उघडला नसेल तर पोचेल. काकांचा गुडघा बरा आहे, पण जिना चढताना थांबतात. फोन मला नको, त्यांना कर.

तुझा,
सच्या