‘शिवराई’चे ‘शिवराय’ होऊ नयेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यात एका ठिकाणी जुनी नाणी मिळाल्याची बातमी मध्यंतरी वाचली. कोणत्या वृत्तपत्रात, ते सांगत नाही. तीत ‘तांब्याचे सात शिवराय सापडले’ असे छापले होते. नाण्याचे नाव शिवराई, एक शिवराई, सात शिवराया. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. या दोन शब्दांमध्ये दोन आडव्या रेघा असल्या, तर जुने लोक तिला दुदांडी म्हणतात. इतके स्पष्ट देवनागरी नाणे हाताशी असताना त्याचे नाव चुकते, कारण ते नाण्यावरून किंवा गावकऱ्यांच्या तोंडून न घेता एखाद्या इंग्रजी सूचीतून घेतलेले असते.

रोमन लिपीतून परत येणारी आपली नावे बहुधा जखमी होऊनच येतात. कार्षापण या प्राचीन नाण्याचे ‘करशापना’ होते, सातवाहन राजा सातकर्णीचा ‘सटकर्णी’ होतो, क्षत्रप राजा नहपानाचे नाव ‘नहापना’ असे छापले जाते. पश्चिम क्षत्रप या प्राचीन राजवंशांपैकी रुद्रसेन राजा तर ‘रुद्रसेना’ होऊन एखाद्या संघटनेसारखा वाटू लागतो. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 1906 साली नहपानाची 13 हजारांवर चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. ज्या राजाचे नाव पुसायला दुसऱ्या राजाने एवढे श्रम घेतले, ते नाव निदान आपण तरी नीट लिहावे. सातवाहन राजा पुळुमावीचा ळ इंग्रजीत हरवतो, पण नाशिकच्या लेण्यांतील लेखात तो स्वच्छ कोरलेला आहे.

आमच्या किनाऱ्याला सर्वांत जवळचा शब्द लारी. तालुक्याच्या गावी भरलेल्या एका प्रदर्शनात ती मी प्रथम तळहातावर घेऊन पाहिली: चांदीची जाड तार मधोमध दुमडलेली, केसांच्या आकड्यासारखी, आणि दोन्ही अंगांस चेपून उमटवलेली फारसी अक्षरे, तीही अर्धवट, कारण ठसा तारेपेक्षा रुंद. माहिती सांगणारा मुलगा मोठ्या उत्साहाने तिला ‘लॅरिन’ म्हणत होता. त्यात त्याचा दोष नाही, चिठ्ठीवर तसेच लिहिले होते. इराणातील लार या गावावरून हे नाव पडले, व्यापाऱ्यांबरोबर ते आपल्या बंदरांत आले, विजापूरच्या आदिलशाहीनेही अशा लाऱ्या पाडल्या आणि जुन्या मराठी कागदांत ‘लारी’ असेच लिहिले गेले. दाभोळच्या खाडीकाठी उभे राहून तिला ‘लॅरिन’ म्हणणे मला तरी जमत नाही.

परकी नावे परकी म्हणूनच घ्यावीत, पण ज्या भाषेतली ती आहेत तिच्या उच्चाराने. वसई 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे त्यांची नाणी या पट्ट्यात मिळणे नवलाचे नाही. त्यांतील एकाचे नाव ‘झेराफिम’ असे सर्रास लिहिले जाते. पोर्तुगीजमध्ये त्या पहिल्या अक्षराचा उच्चार श आहे आणि शेवटचा म केवळ अनुनासिक, म्हणून ते ‘शेराफीं’. आपल्या अशरफीशी त्याचे नाते मग आपोआप ऐकू येते. ‘टालर’ (Thaler) या जर्मन नाण्याच्या स्पेलिंगमधला ह उच्चारात नाही. ‘द्राख्मे’ या ग्रीक नाण्याला इंग्रज ‘ड्रॅम’ म्हणतात. आपल्याला दोन्हींची गरज नाही, कारण तोच शब्द द्रम्म होऊन कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत आला आणि पुढे दाम झाला.

माझी विनंती एवढीच की, नाण्यांची बातमी छापताना नाव कोणत्या भाषेतून आले हे वार्ताहराने एकदा विचारून घ्यावे आणि शंका राहिली तर नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र द्यावे. वाचकांत वाचणारे निघतील.

आपला,
एक नाणेसंग्राहक
दापोली, जि. रत्नागिरी

ता. क. त्याच प्रदर्शनात चार आण्यांच्या नाण्याखाली ‘चवली’ अशी चिठ्ठी होती. चवली दोन आण्यांची, चार आण्यांची ती पावली आणि आठ आण्यांची अधेली. ही चूक मात्र इंग्रजीच्या माथी मारता येणार नाही.