मंत्रिमहोदय, मराठी शिकायला आलेल्यांना बसायला जागा द्या

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मराठी भाषा गौरव दिनाला आपण आमच्या संस्थेच्या कार्यक्रमाला आलात. परप्रांतीयांना मराठी शिकवणाऱ्या आमच्या संध्याकाळच्या वर्गाचं कौतुक केलंत आणि ‘जागेची काळजी माझ्यावर सोडा’ असं माइकवरून सांगितलंत. परवा वर्गाच्या दाराला कुलूप होतं. आमचा फळा, हजेरीपट आणि वह्यांचा गठ्ठा जिन्याखाली आणून टाकला होता. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘वरून आदेश आहे.’ आदेशाची प्रत मागितली, ती नाही. आपल्या आश्वासनानंतर केलेला अर्ज कुठे आहे, तर ‘टेबलावर आहे.’ कुणाच्या टेबलावर, हे कुणी सांगेना.

तो वर्ग कसा चालतो ते आपण पाहिलेलं नाही, कारण त्या दिवशी आपण भाषण करून लगेच निघालात. केरळहून आलेली नर्स, बिहारमधला बँक कर्मचारी, नेपाळी वॉचमन, सगळे कामावरून थेट येतात. नर्सला सराव व्हावा म्हणून आम्ही दवाखान्याचा नाट्यप्रवेश बसवतो. वॉचमन पेशंट होतो आणि पोट धरून इतका विव्हळतो की बाकीचे संवाद विसरतात. पुढच्या आठवड्यात तीच नर्स सांगत येते की वॉर्डातल्या आजी आता तिच्याशी मोकळेपणाने बोलतात. या माणसांना परवा मी जिन्यातून परत पाठवलं. माझे गुडघे गेलेत, निवृत्तिवेतनातून मी खडू-झेरॉक्सचा खर्च करते, त्याची तक्रार मी आजवर केली नाही. पण ‘मॅडम, आता वर्ग कुठे?’ या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही, तो अपमान मी विसरणार नाही.

जग काय करतं ते बघा. फ्रेंच शिकवायला आलियाँस फ्राँसेज १८८३ पासून उभी आहे. जर्मनांनी युद्धातून उठता उठता १९५१ मध्ये गोएथे इन्स्टिट्यूट काढली, आपल्याकडे तीच मॅक्सम्युलर भवन म्हणून चालते. स्पेनने १९९१ मध्ये इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस सुरू केली. आपली भाषा परक्यांना शिकवायला हे देश दुसऱ्या देशांत जाऊन इमारती उभ्या करतात. आठ कोटींहून अधिक लोकांच्या मराठीला स्वतःच्या राज्यात संध्याकाळची एक खोली मिळत नाही! ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा चौकाचौकांत फ्लेक्स लागले. त्यांतल्या एका फ्लेक्सच्या खर्चात आमचा वर्ग किती महिने चालला असता, हे विचारायचीही सोय नाही.

आणि दुकानाच्या पाटीवरून, रिक्षावाल्याच्या हिंदीवरून बाह्या सरसावणारे सगळेच पक्ष, तुमचा धरून, शिकायला तयार असलेल्या माणसाच्या वेळी कुठे असतात? मराठी येत नाही म्हणून कानशिलात मारायला गर्दी जमते. शिकवायला चार माणसं मिळत नाहीत, मिळाली तर त्यांच्या दाराला कुलूप लागतं. साने गुरुजी आंतरभारतीचा ध्यास घेऊन १९५० मध्ये गेले. एका प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी एवढंच तर ते मागत होते. त्यांच्या जयंतीला हार घालायला मात्र कुणी चुकत नाही.

मागणी साधी आहे. सरकारी शाळांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात, त्या अशा वर्गांना लेखी परवानगीने द्या. आमच्या अर्जावर निर्णय करा. नकार असेल तर तोही कारणासह, सहीनिशी द्या. तोवर सोमवारपासून वर्ग त्याच जिन्यात भरेल.

आपली,
प्रौढांच्या मराठी वर्गाची एक शिक्षिका