पूर्ण फेरा नको, पोरी

गोडोली, सातारा
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. स्वाती हिस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की कट झाला ते कळलं नाही. आई म्हणते कट झाला. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो, म्हणून लिहायला बसलो. जाऊ नको असं मी म्हणत नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच. आइसलँडला जा. नाताळच्या सुट्टीतच जा, दोघी मैत्रिणींना घेऊन जा. मला बोलायचंय ते तू पाठवलेल्या तक्त्याबद्दल.

तक्ता विकासकडून छापून आणला. फोनवर अक्षर बारीक दिसतं. सात दिवसांत बेटाला पूर्ण फेरा. रेक्याविकहून निघायचं, दक्षिणेचा किनारा, मग पूर्वेचा, वर अकुरेरी आणि परत रेक्याविक. तो एक नंबरचा रस्ता, रिंग रोड, सुमारे १,३२० किलोमीटर. त्यात गोल्डन सर्कलचे, म्हणजे रेक्याविकजवळच्या थिंगवेट्लिर, स्ट्रोक्कुर, गुल्फॉस या फेरीचे, सव्वादोनशे-अडीचशे वेगळे. म्हणजे दीड हजाराच्या वर. सातानं भागलं की रोजचे सव्वादोनशे. साताऱ्याहून मुंबईपेक्षाही कमी, म्हणून तुला ते सोपं वाटलं असणार.

पण पोरी, उजेड किती आहे ते त्या तक्त्यात कुठंच नाही. २१ डिसेंबरच्या आसपास रेक्याविकला सूर्य सव्वाअकराच्या पुढं उगवतो आणि साडेतीनला मावळतो. चार तास. अकुरेरीला तीनच तास. अलीकडं-पलीकडं थोडा संधिप्रकाश असतो, तेवढाच. बर्फाच्या रस्त्यावर साठची सरासरी पडली तरी खूप झालं. सव्वादोनशेला चार तास गेले. मग सगळा उजेड गाडीत जाणार आणि धबधबे अंधारात बघायचे, नाहीतर धबधबे उजेडात बघून गाडी अंधारात हाकायची. तू दुसरं करणार, हे मला माहीत आहे. आणि स्टेअरिंगवर तू एकटीच. त्या दोघींपैकी एकीकडं लायसन्स नाही आणि दुसरीनं बर्फात कधी चालवलेलं नाही, हे तूच सांगितलंस.

तुला गाडी येत नाही असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. डेपोत सगळ्यांना सांगत होतो, माझी पोरगी जर्मनीत उजव्या बाजूनं गाडी चालवते म्हणून. यवतेश्वरच्या घाटात समोरून टेम्पो आला तेव्हा अण्णाची मारुती तू एका दमात मागं घेतलीस, कठड्याला लावून. मी बाजूच्या सीटवर होतो आणि एक शब्द बोललो नाही. तेव्हा तुझं कॉलेजही संपलं नव्हतं. त्याच्या आधीचं तुला आठवत नसेल. बामणोलीच्या मुक्कामी गाडीला तू हट्टानं यायचीस, बॉनेटवर फडकं घालून बसायचीस. इंजिनाच्या उबेनं कासच्या पुढं गेलं की डुलक्या घ्यायचीस, पण किलोमीटरचा दगड आला की बरोबर डोळे उघडून आकडा वाचायचीस. भोसले कंडक्टर म्हणायचे, हिला तिकिटात अर्धं नको, पगारात अर्धं द्या.

कुठलं कुठं गेलो. रस्त्याचं लिहीत होतो.

ज्वालामुखीची मला भीती नाही. आईला आहे. ग्रिंडाविक गाव २०२३ च्या नोव्हेंबरात रिकामं केलं, तिथलं ते निळ्या पाण्याचं कुंड, ब्लू लगून, कितीदा बंद करून कितीदा उघडलं, हे सगळं तिला शेजारच्या मुलानं मोबाइलवर दाखवलंय. तिला मी सांगितलं, आपण पाटणची माणसं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, आजीनं मला गोधडीसकट अंगणात आणून टाकलं होतं. जमीन हलते तेव्हा हलते, त्याला तू-मी काय करणार? आणि तिथलं सरकार वेळेवर माणसं हलवतं. रस्त्याचं तसं नसतं. निघायचं का थांबायचं, हे ज्याच्या हातात स्टेअरिंग त्यालाच ठरवायचं असतं, आणि नेमकं तेव्हा त्याला घाई असते.

ही घाई कुठून येते ते मी आयुष्यभर बघितलंय. निसरड्या रस्त्यावर माणूस आपोआप जपून चालवतो. बिघडतं ते पुढच्या ठिकाणी कोणीतरी वाट बघतंय, वेळ लिहून ठेवलीय, म्हणून. तुझ्या तक्त्यात सहा रात्रींना सहा गावं आहेत आणि सगळ्यांचे पैसे भरलेत. आता समज, तिकडं पूर्वेला एगिल्सस्टादिरला तुमची खोली आहे आणि दुपारी वारा सुटला. थांबायचं म्हटलं तर खोलीचे पैसे गेले, पुढच्या दिवसाचा मुक्काम हुकला, त्याच्या पुढचाही हुकला. मग तू मनात म्हणणार, हळूहळू जाऊ. साळुंखेमामा हळूहळूच गेले होते.

केळघर घाटातलं तुला पाठ आहे, तरी लिहितो. पावसाळा होता, मुक्कामी गाडी, धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. मी कडेला गाडी घेतली, दिवे चालू ठेवले आणि बसून राहिलो. आत लग्नाची माणसं होती. कोणी शिव्या दिल्या, कोणी म्हणालं आम्ही पुढं चालत बॅटरी दाखवतो. मी नाही म्हणालो. पहाटे धुकं उठलं तेव्हा सगळे झोपले होते. मेढ्यात उतरताना नवऱ्या मुलाच्या आजीनं माझ्या हातावर पेढा ठेवला. मला नोकरीत पदकं कोणी दिली नाहीत, पण त्या रात्री गाडी उभी केली याचा मला अजून अभिमान आहे. तुला उभं राहता यायला पाहिजे. त्यासाठी तक्त्यात जागा पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पूर्ण फेरा नको. दक्षिणेचा किनारा कर, योकुल्सारलोनपर्यंत, त्या हिमनदीच्या तळ्यापर्यंत जा आणि त्याच रस्त्यानं परत ये. रेक्याविक ते विक १८७ किलोमीटर, विक ते योकुल्सारलोन साधारण १९०. मधे दोन रात्री विकला, दोन त्या हिमनदीच्या बाजूला, बाकीच्या रेक्याविकला. आणि एक दिवस कोरा ठेव. त्या दिवसाला नाव देऊ नको. वारा सुटला तर तो तिथं खर्च होईल, नाही सुटला तर झोपा काढा.

यात काही बघायचं राहत नाही, मी नकाशा घेऊन बसलोय. थिंगवेट्लिर, जिथं ९३० साली त्यांची पहिली सभा भरली आणि जिथं जमीन वर्षाला दोन सेंटिमीटर फाकतेय. स्ट्रोक्कुर, तो पाच-दहा मिनिटांनी गरम पाणी उडवतो. गुल्फॉस धबधबा. स्कोगाफॉस, तोही धबधबाच, ६० मीटरचा. सेल्यालांड्सफॉसच्या मागून जायची वाट आहे म्हणतात, पण थंडीत तिच्यावर बर्फ धरतो आणि ती बंद ठेवतात. बंदची पाटी असली तर वाद घालू नका. रेनिसफ्याराचे काळे खांब बघ, आपल्याच दगडाचे आहेत, बेसॉल्टचे. पण त्या किनाऱ्यावर समुद्राकडं पाठ करून फोटो काढायचा नाही. शांत वाटत असताना एकदम मोठी लाट वर येते, माणसं गेलीत तिथं. योकुल्सारलोनला बर्फाचे डोंगर पाण्यात तरंगतात आणि फुटून समुद्राच्या काळ्या वाळूवर येऊन पडतात. बर्फाच्या गुहेत वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि ते आकाशातले हिरवे दिवे अकुरेरीला जाऊनच दिसतात असं नाही, ढग नसले की विकलाही दिसतात. ढगांचा नकाशा त्यांच्या हवामान खात्याच्या साइटवर रोज येतो. दिसले तर गाडी रस्त्यात थांबवू नको, पार्किंगला घे, मग बघ.

माझ्यासाठी एकच काम कर. तो रस्ता वाटोळा कधी पूर्ण झाला माहीत आहे? १९७४ ला, स्केइदारा नदीवर पूल बांधला तेव्हा. त्याआधी दक्षिणेकडून सरळ पूर्वेला गाडी जातच नव्हती. मग १९९६ ला हिमनदीच्या खाली ज्वालामुखी फुटला, बर्फ वितळून पूर आला आणि पूल मोडला. त्याच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया रस्त्याच्या कडेला ठेवल्यात, स्काफ्ताफेल्लच्या जवळ. तुझ्या वाटेवरच आहेत. त्यांच्याजवळ उभी राहून फोटो पाठव, मी डेपोतल्या लोकांना दाखवीन.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्यांजवळ रिकामी एसटी कशी सरकायची ते तू बघितलंयस. तिथला वारा त्याच्या वरचा. ते लोक वारा मीटर-सेकंदात लिहितात. २० दिसलं तर छोटा आकडा समजू नको, ते ताशी ७२ किलोमीटर झाले. १५ च्या पुढं गेलं की छोटी गाडी बाहेर काढायची नाही, हा माझा नियम धर. गाडी लावताना तोंड वाऱ्याकडं कर, दार दोन्ही हातांनी धरून उघड. वाऱ्यानं दार उलटं होऊन बिजागऱ्या तुटतात आणि ते नुकसान बहुतेक विम्यात बसत नाही. विमा घेताना ते विचार. टायर खिळ्यांचे आहेत का ते स्वतः वाकून बघ, त्यांनी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नको. दिवसाही दिवे चालू, तिथं तो कायदाच आहे. एकेरी पूल लागतील, जो आधी जवळ आला तो आधी जातो, पण समोरचा थांबेल असं धरून चालू नको. टाकी अर्ध्यावर आली की भर. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतात. नारिंगी आला की चावी मैत्रिणीकडं दे आणि मागितलीस तरी देऊ नको म्हणून सांग. रस्ते खात्याचा फोन १७७७, मदतीचा ११२. सकाळी निघायच्या आधी रस्त्यांचा नकाशा बघायचा, रेक्याविकहून सेल्फॉसकडं जाताना जो माळ लागतो तो हिवाळ्यात सारखा बंद करतात.

आई वाचून म्हणाली, हे पत्र आहे का ड्रायव्हिंग स्कूलचं पुस्तक. राग मानू नको. तू इंजिनिअर आहेस, हे सगळं माझ्या आधी तुला कळलं असणार. मी दिवसभर घरी असतो, संध्याकाळी चारभिंतीपर्यंत चालून येतो, मग रात्री मोबाइलवर त्या रस्त्याचे व्हिडिओ बघतो. कुणीतरी गाडीच्या काचेला कॅमेरा लावून चालवत असतं. पांढरा रस्ता, पांढरी कडा, कुठं रस्ता संपतो ते कळत नाही. माझा पाय आपोआप ब्रेक दाबतो.

आणि तुझ्या त्या वाक्याचं. तिथले रस्ते एसटीचे नाहीत म्हणालीस. बरोबर आहे. मला वाईट वाटलं नाही, आईला वाटलं. तिला एक फोन कर, माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

तिची साखर आता बरी आहे. गोळी बदलली. कमलआत्याच्या गुडघ्याचं जानेवारीत करायचं ठरतंय. तुझ्या खोलीचं छत गळत होतं ते दिवाळीच्या आधी करून घेतलं. आई शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि मेतकूट पाठवणार आहे, तिथं खायला फार महाग आहे असं ऐकलं. मटण-बिटण काही बरोबर नेऊ नका. कंदी पेढे टिकतील का विचारते आहे.

खोल्यांचे पैसे बुडणार असतील तर बुडू दे. त्यातल्या दोन परत मिळत नाहीत म्हणालीस. किती ते सांग, मी पाठवतो. तुला ते आवडणार नाही, मला माहीत आहे, पण घे. नवीन तक्ता केलास की पाठव, गाडीचा नंबर पाठव, राहायच्या ठिकाणांचे फोन पाठव. आणि रोज मुक्कामाला पोचलीस की एक शब्द टाक, 'पोचले' एवढाच. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, मी जागा असतो.

तुझा
आप्पा

ता. क. परतीचं विमान सकाळी सातचं आहे असं तक्त्यात शेवटी बारीक लिहिलंयस. केफ्लाविक विमानतळ रेक्याविकपासून पन्नास किलोमीटर. म्हणजे पहाटे साडेतीनला अंधारात गाडी काढणार, झोप नसलेली, विमान गाठायच्या घाईत. गाडी आदल्या दिवशी दुपारीच परत कर आणि पहाटे विमानतळाच्या बसनं जा. तिकिटाचे मी देतो.