कुडाळच्या डेंटिंगवाल्या काकांना, देवबागहून

काका, तुम्हाला फोनवर दोनदा थँक्यू म्हटलं आणि दोन्ही वेळा तुम्ही "बरां बरां" करून फोन ठेवून दिलात, म्हणून आता इथे सगळ्यांसमोरच लिहितोय, आता ठेवा फोन.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमची छोटी पाँटून बोट आहे, कर्ली खाडीत पर्यटकांना फिरवतो. खाली अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब ट्यूब, वर सपाट डेक आणि कठड्याला चारी बाजूंनी पातळ पत्रे. मे अखेरीस एका रात्री वारं सुटलं, दोर मीच ढिला बांधलेला, बोट रातभर धक्क्यावर आपटत राहिली. सकाळी डाव्या बाजूच्या पत्र्याला तीन पोचे, एक तर ताटाएवढा.

मग मी शहाणपणा केला. व्हिडिओत बघितलेलं की हेअर ड्रायरने गरम करा आणि वरून बर्फ लावा, पोचा आपोआप बाहेर येतो. बायकोचा ड्रायर, मासळीच्या पेटीतला बर्फ, अर्धा दिवस गेला, पोचा होता तिथेच. मग आतून हातोडी घेऊन बरोब्बर मधोमध ठोकत बसलो, तर पत्रा ताणला गेला आणि डब्याच्या झाकणासारखा टॉक टॉक आतबाहेर करायला लागला. जिथून बोट घेतली त्यांनी सांगितलं अख्खं पॅनेल बदला, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून आई म्हणाली असूंदे तसाच.

तुमचा नंबर मावसभावाने दिला तेव्हा खरं सांगतो, मनात आलं की गाड्यांचे पोचे काढणारा माणूस बोटीचं काय करणार. तुम्ही जुलैच्या पावसात बाईकवरून आलात, ताडपत्रीखाली शिरलात आणि पहिलं वाक्य, "आदी ती हातोडी खाली ठेव बघूया." पत्र्याकडे बघितलंच नाहीत, आधी खाली वाकून दोन्ही ट्यूबवरून हात फिरवलात. ट्यूब चेपली असती तर तुम्ही हात लावणार नव्हता, सरळ वेल्डिंगवाल्याकडे पाठवणार होता, कारण बोट तरंगते ती ट्यूबवर, पत्रा नुसता दिसण्यापुरता. दोन महिने मी दिसण्याचंच टेन्शन घेऊन बसलेलो, ट्यूब बघायचं डोक्यातही आलं नव्हतं.

मग आतल्या सीट काढल्या, ट्यूबलाईट तिरकी धरली आणि तिचं प्रतिबिंब जिथे वाकडं होतं तिथे तिथे मार्करने खुणा केल्या. फडकं गुंडाळलेला लाकडी ठोकळा घेऊन कडेकडेने, गोल गोल, हळूहळू आत येत दाबत गेलात, मधला भाग सगळ्यात शेवटी. हीट गन लावताना दर मिनिटाला पत्र्याला हात लावून बघत होता. तेव्हाच सांगितलंत की लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी, अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता 660 डिग्रीला थेट वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधी वर मारलेला रंग फुगून जातो. आणि जितकं ठोकाल तितकं ते कडक होतं, शेवटी चिरतं. हे ऐकून मी हातोडी घरातच नेऊन ठेवली.

दोन पोचे असे गेले की आता मलाच शोधावे लागतात. तिसरा, माझ्या हातचा, त्याबद्दल तुम्ही स्पष्ट बोललात की ताणलेला पत्रा पूर्ण सपाट होणार नाही, पुट्टी मारून लपवू शकतो पण खाऱ्या हवेत आणि बोटीच्या हादऱ्यात ती एक दिवस सुटेल. पुट्टीचे पैसे घेऊन गप्प बसता आलं असतं ना.

आणि स्क्रू! ते तर ठरलेल्या कामात नव्हतेच. मी हौसेने लावलेल्या साध्या लोखंडी स्क्रूंभोवती पांढरी पावडर जमलेली, मला वाटायचं मीठ असेल. तो पत्राच खाल्ला जात होता, खाऱ्या पाण्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की असं होतं म्हणे. तुम्ही सगळे काढून स्टेनलेसचे लावलेत, मध्ये नायलॉनचे वायसर, आणि त्याचे वेगळे पैसे विचारले तर म्हणालात, "सोलकडी दी."

काका, पाऊस गेला की सीझन सुरू होतोय. काकी आणि नातवंडांना घेऊन या, तिकिटाचं नाव काढायचं नाही. डावीकडची सीट तुमची, तिसऱ्या पोच्याला पाठ टेकून बसा, कोणाला दिसणार नाही.