बाबा, चहा मिळतो

चियांग माय, थायलंड
१४ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

परवा तुमची इथं यायची तिकिटं काढल्याचं सांगायला फोन केला, तेव्हा मला वाटलं बाबा विचारतील, विमान कुठं बदलायचं, पैसे कुठले चालतात, भाषेचं कसं करायचं. बाबांनी एकच विचारलं, "तिथं चहा मिळतो का?" मी "मिळतो की" म्हणाले, तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला आणि विषय मेतकुटावर गेला. पण माझं ते उत्तर अर्धंच होतं. म्हणून हे पत्र. याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतेच, कागद मागून पोस्टानं येईल. बाबा, तो नेहमीच्या बिस्किटाच्या डब्यात.

तर पहिली गोष्ट म्हणजे इथं चहाला 'चा'च म्हणतात. आपली आजी म्हणायची तसाच, 'ह' गिळून. म्हणजे शब्द शिकायला नको. अडचण त्याच्या पुढं सुरू होते. गाडीवर नुसतं 'चा' म्हणालात तर बहुतेक उंच ग्लास येईल, काठोकाठ बर्फ आणि त्यात झेंडूच्या फुलाच्या रंगाचं काहीतरी. तो 'चा येन', गार चहा. तो रंग पानाचा नव्हे, चहाच्या पावडरीतच मिसळलेला असतो. जवळजवळ प्रत्येक गाडीवर अंगठा वर केलेल्या हाताचं चित्र असलेला डबा दिसतो, तो 'चा त्रा म्यू', म्हणजे आपल्या भाषेत हात छाप चहा. १९४५ पासूनची जुनी छाप आहे. पावडर कापडाच्या लांब पिशवीतून गाळतात, त्यात साखर, वर डब्यातलं आटवलेलं गोड दूध, आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून शेवटी आणखी एका डब्यातल्या दुधाची धार. बाबांची साखर तीन महिन्यांनी मोजायची असेल तर एका ग्लासात निकाल लागेल.

दूध डब्यातलं का, हे मीही विचारलं होतं. इथं गाई-म्हशी पाळून दूध काढायची रीतच फारशी नव्हती. पहिली मोठी डेअरी डेन्मार्कच्या मदतीनं १९६२ साली सुरू झाली. तोवर दूध म्हणजे परदेशातून आलेला डबा, आणि जिभेला त्याचीच सवय झाली. आता दुकानात ताज्या दुधाच्या बाटल्या मिळतात, मी आणतेही. पण पातेल्यात चहा-दूध एकत्र उकळणारं माणूस मी अजून एकही पाहिलेलं नाही. माझ्याकडं ते बघून शेजारीण एकदा म्हणाली, "सूप करतेस?"

आता जरा बसून वाचा. बाबा, मी कॉफी पिते. अधूनमधून नव्हे, रोज. सकाळचीसुद्धा. दीड वर्ष झालं, सांगायचं धाडस होत नव्हतं.

याची सुरुवात निम्मानहेमिन नावाच्या रस्त्यावर झाली. आल्यावर पहिले सहा महिने मी तिथंच राहत होते. तिथं दर दहा पावलांवर कॉफीचं दुकान आहे म्हटलं तर तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, पण रविवारी मी आणि ऑफिसातली एक मैत्रीण मोजायला लागलो आणि कंटाळून सोडून दिलं. दुधाच्या फेसावर नक्षी काढण्याची जागतिक स्पर्धा असते, ती २०१७ साली जिंकलेल्या आर्नोन थितिप्रासर्तचं दुकान याच भागातलं. लोक कप आला की आधी फोटो काढतात, मग पितात. तोवर फेस बसलेला असतो. आईच्या हातची रांगोळी पुसायला जशी जिवावर येते तसं होत असावं. एका कपाला ऐंशी-नव्वद बाट, म्हणजे आपले दोनशेच्या वर. मिरजेत तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरच्या अख्ख्या बाकाला चहा पाजता येईल, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणून टाकते.

या दुकानांत बसणारे बहुतेक आमच्यासारखे बाहेरचे. त्यात दोन जाती. एक लॅपटॉपवाले: कंपनी बर्लिनला किंवा पुण्यात आणि हे इथं. त्यांच्यासाठी सरकारनं गेल्या वर्षी जुलैत पाच वर्षांचा नवा व्हिसा काढला, खात्यात पाच लाख बाट दाखवायचे आणि एका खेपेला १८० दिवस राहायचं. दुसरे पेन्शनवाले गोरे आजोबा, पन्नाशीच्या पुढचे, आठ लाख बाट इथल्या बँकेत ठेवून राहतात आणि दर नव्वद दिवसांनी "मी अजून याच पत्त्यावर आहे" म्हणून सरकारला कळवतात. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचीच ही चुलत बहीण.

मला ती दुकानं आवडायची, खोटं कशाला बोलू. गार हवा, चांगली खुर्ची, कुणी विचारत नाही की कुठल्या, कुणाच्या, आणि पुढं काय ठरवलंय. मिरजेत चहाचा कप हातात आला की त्याच्याबरोबर प्रश्नही येतो, तसं इथं नाही. चाळीस माणसं, चाळीस पडदे, आणि आवाज फक्त यंत्राचा. तुम्हाला मी तिथले फोटो पाठवायचे आणि आई म्हणायची, "जागा छान आहे, पण तुझ्यासमोरची खुर्ची रिकामी का असते गं नेहमी?" मी म्हणायचे, तिथं बॅग ठेवते.

मग भाडं वाढलं आणि मी जुन्या गावात आले. खंदकाच्या आतला चौकोन आहे, बाजूनं पडक्या विटांच्या भिंती; पन्हाळा-मिरजेच्या माणसाला खंदक, बुरूज नवीन नाहीत. माझ्या बोळाच्या तोंडाशी एक टपरी आहे. चार टेबलं, पत्र्याचं छप्पर, भिंतीवर राजाचा फोटो, त्याच्या शेजारी २५६८ सालाचं कॅलेंडर (इथलं साल बुद्धाच्या हिशेबानं चालतं, बाबांनी ते बघून घाबरू नये), आणि कोपऱ्यात आपला गणपती. त्याला इथं 'प्रा फिकानेत' म्हणतात. पहिल्या दिवशी मी चप्पल काढून नमस्कार केला आणि तेवढ्यावर माझं खातं उघडलं.

टपरी चालवते तिला सगळे 'पा' म्हणतात. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची मोठी बहीण. धाकट्या भावंडांना वेगळे शब्द, आईकडच्या आजीला वेगळा, वडिलांकडच्या आजीला वेगळा. आईला हा हिशेब माझ्याआधी पाठ होईल. मी तिला मनात मावशी म्हणते. वय सत्तरीच्या आसपास, हात मात्र स्टेशनवरच्या घड्याळासारखे. पितळी टाकीत पाणी उकळत असतं. कापडी पिशवीत कॉफीची भुकटी, तीवरून पाणी एका डब्यातून दुसऱ्यात तीन-चारदा फिरवते, अमृततुल्यवाला ओगराळ्यानं चहा उंचावरून ओततो तसं. खाली ग्लासात गोड दुधाचा थर आधीच तयार. याला 'काफे बोरान' म्हणतात, पुराणी कॉफी. बिनदुधाची गार हवी असेल तर 'ओलियांग'. हा शब्द चिनी, काळं आणि गार एवढाच त्याचा अर्थ. त्यात कॉफीच्या बियांबरोबर मका, सोयाबीन, तीळ भाजून घातलेले असतात. महागाईच्या काळात पुरवून पुरवून वापरायची युक्ती असणार, आता तीच चव झाली आहे. आपल्याकडं चिकोरीचं जे झालं तेच.

आणि बाबा, आता मुद्द्याचं. पा-कडं गरम कॉफी मागितली की तिच्याबरोबर एक छोटा पेला चहा येतो. न मागता. फुकट. पातळ, पिवळसर, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चिनी चहा. कॉफी संपली की गोडवा उतरवायला तो प्यायचा, आणि संपला की किटली टेबलावरच असते, आपणच ओतून घ्यायचा. इतका वेळ बसा, कुणी उठवत नाही. तुमचा प्रश्न होता चहा मिळतो का. तर चहा असा मिळतो. आई म्हणेल, हे तर भांडं विसळलेलं पाणी. पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं होतं.

याच किटलीभोवती सकाळी साडेसातला आमची मंडळी जमतात. एक डच आजोबा, बंदरावर क्रेन चालवायचे. एक थाई निवृत्त शिक्षक, त्यांना माझं इंग्रजी सुधारायचं आहे. एक जपानी बाई, दोन शब्दांत एक सकाळ काढते. आणि मी. कुणाचीच भाषा कुणाला धड येत नाही, त्यामुळं भांडणं होत नाहीत. तेलात तळलेले 'पातोंगको' असतात, जिलबीच्या पिठाचे असावेत तसे पोकळ तुकडे, ते कॉफीत बुडवायचे. बुडवण्यावर डच आजोबांचा आक्षेप आहे. मी त्यांना सांगितलंय की माझे वडील खारी बुडवतात आणि अडतीस वर्षं त्यांनी गाड्या वेळेवर सोडल्या.

आई, पुढचं वाचून चिडू नकोस. जुलैत मी तुम्हाला "नेटवर्क नाही" म्हणाले होते ते चार दिवस मला ताप होता. डेंग्यू निघाला. आता पूर्ण बरी आहे, रक्त दोनदा तपासलंय, रिपोर्ट दाखवते. सांगितलं असतं तर तुम्ही मिळेल त्या गाडीत बसला असता, म्हणून नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. पा-चा जावई. हातात रबर लावून बांधलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. इथं चहा, आमटी सगळं असंच बांधून देतात. एकीत तांदळाची पेज, आल्याचे बारीक तुकडे घातलेली. दुसरीत तोच पिवळा चहा, गरम. पा-नं विचारलं होतं म्हणे, दोन दिवस पोरगी का आली नाही. दवाखान्यात शिक्षकांनी नेलं, फॉर्म त्यांनीच भरले, आणि नातं या रकान्यात काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. आठवडाभर पिशव्या येत होत्या. पैसे द्यायला गेले तर पा-नं माझ्या हातावर चापट मारली. ती चापट अगदी तुझी होती.

असो. आता तुमच्या कार्यक्रमाबद्दल.

बँकॉकहून विमानानं येऊ नका, रात्रीच्या रेल्वेनं या. ७५१ किलोमीटर, खालच्या बर्थचं तिकीट मी काढते. आणि बाबा, गाडी मीटरगेज आहे! एक मीटर, अख्ख्या देशात. मिरजेचं मीटरगेज गेल्याची तुमची हळहळ मी लहानपणापासून ऐकते आहे, आता पुन्हा एकदा बसून घ्या. खिडकीशी बाबा बसतील, आईनं वाद घालू नये.

इथं आल्यावर दोन दिवस मे सालोंगला जाऊ. चियांग रायच्या पुढं, ब्रह्मदेशाच्या हद्दीजवळ डोंगरावर. चीनमध्ये माओ जिंकल्यावर हरलेल्या बाजूची एक पलटण युन्नानमधून ब्रह्मदेशात आणि तिथून साठच्या दशकात या डोंगरावर येऊन राहिली. त्या वेळी हा सगळा पट्टा अफूचा. आता त्याच उतारांवर चहा आहे, तैवानहून आणलेल्या रोपांचा ऊलाँग. गावाला सरकारनं नवीन नाव दिलं, 'सांतिखिरी'. दोनदा मोठ्यानं म्हणून बघा. शांतिगिरी! तिथं मातीच्या बोटभर किटलीत चहा करतात आणि पहिलं पाणी चक्क ओतून देतात, पानं धुतली म्हणून. त्या क्षणी बाबांचा हात मी धरून ठेवीन.

बाकीच्या डोंगरांवरही अफू जाऊन कॉफी आली, राजानं १९६९ साली डोंगरी लोकांसाठी सुरू केलेल्या योजनेतून. निम्मानवरचा महागडा कप आणि अफूचं शेत यांच्यामध्ये एवढंच अंतर आहे. या भागातले जुने लोक चहा पीत नसत, चघळत. पानं वाफवून आंबवायची, मिठाबरोबर गालात धरायची. त्याला 'मियांग' म्हणतात. आजीची चंची आठवते? बाजारात म्हाताऱ्या तशाच बसलेल्या असतात, गाल फुगवून. मी खाऊन बघितलं, पुन्हा खाणार नाही.

दिवाळी झाली की लगेच निघा, म्हणजे ५ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेला, इथं असाल. तोच दिवस यांच्या दिव्यांचा. केळीच्या खांबाच्या चकत्यांवर फुलं आणि दिवा ठेवून पिंग नदीत सोडतात. राहायचं जानेवारी अखेरपर्यंत, त्याहून जास्त नाही, कारण फेब्रुवारीपासून शेतं आणि जंगलं पेटवल्याचा धूर बसतो आणि बाबांचा दमा आहे.

सामानात अर्धा किलो नेहमीची पावडर आणि बारीक गाळणं टाका. आलं नको. गवती चहा तर मुळीच नको, इथं तो जुडीजुडीनं मिळतो, फक्त ही माणसं तो आमटीत घालतात. मेतकूट हवंच.

पा-ला मी सांगितलंय की माझे वडील दूध घालून उकळलेला चहा पितात, तोही ओतून. तिनं विचारलं, ओतून म्हणजे कशात? मी हातानं करून दाखवलं. ती आत गेली आणि घरातल्या सगळ्या बश्या घेऊन आली, यातली कुठली चालेल बघ म्हणाली. एकही खोलगट नाही. तेव्हा बाबा, तुमची बशी घेऊन या. कपड्यांत गुंडाळून, हातातल्या बॅगेत.

तुमची,
मनू

ता. क. कॉफीबद्दल सदूकाकांना सांगू नका.